दिलेला विषय, सापडलेली गोष्ट

प्रतिभा ही ईश्वरदत्त देणगी आहे, हे वाक्य आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यापुढे प्रश्नचिन्ह उभे करण्याचे कोणास सुचत नाही. देणगी म्हटली की ती एकतर मिळते किंवा मिळत नाही. तिच्यासाठी गिरवत बसणे व्यर्थ, असे मानण्याकडे आपला कल असतो. गायकाने पहाटे उठून खर्ज लावला तर आपण त्याचे कौतुक करतो. मल्लाने हजार बैठका काढल्या तर आपल्याला नवल वाटत नाही. परंतु कथा लिहिणाऱ्याने ‘आज मी एक लेखनाभ्यास केला’ असे म्हटले की, त्याच्या प्रतिभेविषयीच आपल्याला संशय येऊ लागतो. हा संशय कितपत खरा आहे, आणि कथेसाठी असे अभ्यास करणे व दुसऱ्यांकडून करवून घेणे यात काही नैतिक प्रश्न दडलेला आहे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार आमच्या मनात पुस्तके वाचून आलेला नाही. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील युवक-युवतींसाठी आम्ही चार दिवसांचे कथालेखन शिबिर दौंड येथे घेतले. वीस-बावीस मुले-मुली आली. कोणाचे वडील रेल्वेत, कोणाचे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी शेतकऱ्याचे, कोणी शेतमजुराचे. दररोज सकाळी आम्ही एक विषय द्यावा, घड्याळ लावून पंधरा मिनिटे मुलांनी लिहावे, मग त्यावर बोलावे, असा क्रम होता. शिरूरकडील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आपल्या नातवाला सोडायला आले होते. पहिला तास त्यांनी शेवटच्या बाकावर बसून ऐकला आणि चहाच्या वेळी आमच्याजवळ येऊन म्हणाले, “फादर, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण गोष्ट अशी विषय देऊन येते का? गाईला पान्हा फुटावा लागतो. तो हुकूम सोडून फुटत नाही.”

आम्ही म्हणालो, “गुरुजी, हुकमाने फुटत नाही हे खरेच. पण धार काढण्यापूर्वी वासरू सोडावे लागतेच ना?”

गुरुजी हसले, तथापि त्यांचे समाधान झाले नव्हते. “वासरू तिचे स्वतःचे असते, फादर,” ते म्हणाले. “तुमचा विषय त्या मुलांचा आहे का?”

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांस देता आले नाही. ते शोधता शोधताच हा लेख झाला आहे.

गुरुजींच्या शंकेला आधार होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने विषय घेऊन गोष्ट लिहिलेली आहे. ‘पुढील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, योग्य शीर्षक द्या व तात्पर्य लिहा,’ ही सूचना आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी परीक्षेच्या कागदावर वाचली आहे. लाकूडतोड्या, नदीकाठ, कुऱ्हाड पाण्यात, जलदेवता, सोन्याची कुऱ्हाड, प्रामाणिकपणाचे बक्षीस. वर्गात साठ मुले असली तर साठ लाकूडतोडे तेच उत्तर देतात, कारण शेवट आधीच ठरलेला असतो. सुविचार देऊन करावयाच्या कल्पनाविस्ताराचीही तीच गत. नाव विस्ताराचे, पण कल्पनेला दाराबाहेर ठेवूनच तो पार पडतो. मुद्द्यांमधील मोकळ्या जागा क्रियापदांनी भरणे, एवढेच मुलाच्या हाती उरते. वासरू दगावले की काही ठिकाणी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करतात. गाय ते चाटते, थोडे दूध देते. शेवट ठरवून दिलेला लेखनाभ्यास हा असा पेंढा भरलेला असतो. गुण मिळतात, गोष्ट मिळत नाही.

परंतु ज्याचा शेवट देणाऱ्यालाही ठाऊक नसतो असाही एक अभ्यास असतो, आणि तो आपल्या परंपरेस अनोळखी नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात काव्याच्या निर्मितीचे कारण सांगताना तीन गोष्टींचा उल्लेख केला आहे: उपजत शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या अवलोकनाने येणारी निपुणता, आणि काव्य जाणणाऱ्यांकडून शिकून केलेला अभ्यास. या तिन्ही मिळून एकच कारण होते, तीन वेगळी कारणे होत नाहीत, हे त्याने आवर्जून स्पष्ट केले आहे. म्हणजे शक्ती श्रेष्ठ की अभ्यास श्रेष्ठ, हा वादच त्याला मान्य नाही. राजसभांतून समस्यापूर्ती होत असे, तीही याच जातीची. कवितेचा एक चरण दिला जाई आणि उरलेले कवीने रचावयाचे. दिलेला चरण अनेकदा वरकरणी अर्थहीन असे. पण त्याला अर्थ प्राप्त होईल असा प्रसंग शोधण्यासाठी कवीची बुद्धी एरवी ज्या वाटेने गेली नसती त्या वाटेने जाई. विसाव्या शतकात ना. सी. फडके यांनी कथा-कादंबरीच्या तंत्रावर ग्रंथ लिहिला (१९३१), त्याला नाव दिले ‘प्रतिभासाधन’. फडक्यांच्या तंत्रवादाशी कोणाचे मतभेद असोत. पण ‘प्रतिभा’ आणि ‘साधन’ हे दोन शब्द त्यांनी एकत्र आणले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

ख्रिस्ती मराठी साहित्याचा तर पायाच अशा एका अभ्यासावर उभा आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी येथील भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. सांगावयाची कथा पवित्र शास्त्रातील. पण रूप त्यांनी स्वीकारले ते ओवीचे आणि पुराणाचे. परक्या देशातील माणसाने परक्या छंदाचे बंधन आपणहून गळ्यात घालून घेतले. ते बंधन नसते तर धर्मतत्त्वे सांगणारे एक शुष्क पुस्तक आपल्या हाती आले असते. ओवीने त्यांना इथल्या मातीची उपमा शोधायला लावली.

दुसरे उदाहरण तर दौंड तालुक्यातलेच आहे. केडगाव येथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई संस्कृतच्या गाढ्या विदुषी होत्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणावयास घेतले, आणि आयुष्याची अखेरची वर्षे या कामास दिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. छपाई त्यांच्या संस्थेतच झाली. त्यांनी स्वतःवर एक अट घालून घेतली होती. जिला शाळा ठाऊक नाही अशा खेड्यातील बाईला ऐकून कळेल, इतकी मराठी सोपी असावयास हवी. संस्कृत जिच्या जिभेवर खेळत होती तिने प्रत्येक वाक्यापुढे थांबून ‘हे तिला कळेल का?’ असे विचारावयाचे, हा केवढा कठीण अभ्यास आहे! तो कथालेखन नव्हे, हे खरे. पण दुसऱ्याच्या कानाने ऐकण्याची सवय हीच कथालेखनाची पहिली पायरी असेल, तर ती पायरी केडगावला रोज चढली जात होती.

पाश्चात्त्य जगातही हा विचार जुना आहे. येशूसंघाच्या शाळांसाठी १५९९ साली जी शिक्षणयोजना निश्चित झाली तीत आदर्श उताऱ्याचे अनुकरण, गद्याचे पद्यात व पद्याचे गद्यात रूपांतर असे अभ्यास नेमून दिलेले होते. बेंजामिन फ्रँकलिन याने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, तरुणपणी तो आवडत्या नियतकालिकातील लेखांचे मुद्दे काढून ठेवी, काही दिवसांनी त्यांवरून लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिही आणि मग मुळाशी ताडून आपल्या चुका शोधी. इटलीतील बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी १९७३ सालच्या ‘कल्पनेचे व्याकरण’ या पुस्तकात एक सोपी युक्ती सांगितली आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवावेत. एकटा शब्द झोपलेला असतो. अनोळखी शेजारी आला की तो जागा होतो. १९६० साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या ‘ऊलिपो’ या लेखकगटाने तर बंधनांचाच ध्यास घेतला, आणि त्यांच्यापैकी जॉर्ज पेरेक याने १९६९ साली फ्रेंचमधील ‘ई’ हे अतिशय वापरातले अक्षर एकदाही न येऊ देता आख्खी कादंबरी लिहिली. हे सारे खेळ वाटतील, आणि काही अंशी आहेतही. पण मनाला नेहमीची वाट बंद केल्याशिवाय ते दुसरी वाट शोधत नाही, हे तत्त्व त्या खेळांमागे आहे.

आमच्यापुरते सांगावयाचे, तर अभ्यास आणि देणगी यांचे नाते आम्हांस प्रथम उमगले ते सेमिनरीत, संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधने’मुळे. या पुस्तिकेच्या आरंभीच संतांनी चालणे-धावणे या शरीराच्या व्यायामांशी आत्म्याच्या व्यायामाची तुलना केली आहे. ध्यानास बसण्यापूर्वी ते साधकाला स्थळ डोळ्यांपुढे उभे करावयास सांगतात. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून जाणारा; गुहा उंच की ठेंगणी; आणि तेथे आपण एक गरीब सेवक म्हणून उभे आहोत. मग पाहावे, ऐकावे, वास घ्यावा, स्पर्श करावा. हे कल्पनेचे काम आहे, आणि ते नेमून दिलेले आहे. तरीही या साधनेने कृपा निर्माण होते असे इग्नेशियस कोठेही म्हणत नाहीत. साधनेने मन तयार होते; येणे न येणे हे देणाऱ्याच्या इच्छेवर. आमच्या काळात पुण्यात आणि नंतर लोणावळ्यास फादर अँथनी डिमेलो यांनी हीच वाट अनेकांसाठी सोपी केली. त्यांच्या ‘साधना’ (१९७८) या पुस्तकात कल्पनेच्या आधारे करावयाच्या ध्यानांचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणून ‘देणगी असेल तर अभ्यास कशाला?’ या प्रश्नास आमचे उत्तर असे की, देणगी घ्यावयास हात रिकामे व उघडे असावे लागतात, आणि हात उघडे ठेवणे हे सवयीने येते.

येथवर प्रश्न तंत्राचा होता. त्यातला नैतिक भाग आम्हांस शिबिराच्या दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवसाच्या अभ्यासास आम्ही ‘एंजिन फिरवणे’ असे नाव दिले होते. दौंडकरांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेरून वळणारा मार्ग होण्यापूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंड स्थानकात येऊन थांबे, तिचे एंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने निघे. डबे तेच, प्रवासी तेच. पण इतका वेळ ज्याचे तोंड पुढे होते त्याची आता पाठ पुढे होई. मुलांना आम्ही सांगितले: तुमचे ज्याच्याशी भांडण झाले असेल असा एक माणूस घ्या. तो प्रसंग त्याच्या तोंडून, ‘मी’ म्हणून लिहा. एक अट आहे. त्याला मूर्ख किंवा दुष्ट दाखवावयाचे नाही. कारण स्वतःच्या नजरेत कोणीच मूर्ख किंवा दुष्ट नसतो.

पंचविशीचा एक तरुण, रेल्वेत कंत्राटी काम करणारा, वेळ संपल्यावरही लिहीत राहिला. त्याने ते वाचून दाखवले नाही. आम्हीही आग्रह धरला नाही. सायंकाळी तो आमच्यापाशी येऊन म्हणाला, “फादर, मी थोरल्या भावाचं लिहिलं. घराच्या वाटणीवरून सहा वर्षं बोलणं बंद आहे. पण त्याच्या मनातलं मला काय माहीत? हे सगळं खोटंच झालं ना?”

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. ज्याचे मन आपल्याला ठाऊक नाही त्याच्या मनात विचार घालणे हे असत्य आहे काय? आम्ही विचार करून त्याला म्हटले, “तू इतकी वर्षे त्याच्या मनात एक विचार घालतच होतास: ‘याला माझं चांगलं बघवत नाही.’ तोही तुझ्या कल्पनेचाच. आज फक्त दुसरा घालून पाहिलास.” तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “आई आजारी होती तेव्हा मी मुंबईला होतो. ते लिहिताना आठवलं.”

वाचकांची अपेक्षा असेल की, पुढे त्या दोघां भावांचे मनोमीलन झाले असे आम्ही सांगू. तसे घडलेले नाही. आमच्या माहितीप्रमाणे त्यांचे बोलणे अद्याप बंदच आहे. पण ‘त्याला माझं चांगलं बघवत नाही’ हे वाक्य आता आपल्या तोंडी येत नाही, असे त्या तरुणाने वर्षभराने आम्हांस सांगितले. लेखनाभ्यासाकडून याहून अधिक मागणे आम्हांस योग्य वाटत नाही. प्रभू येशूने उधळ्या पुत्राचा दाखला सांगितला तेव्हा थोरला भाऊ दाराबाहेर रुसून उभा असतानाच तो थांबवला. पुढे तो आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही. जगातला बहुधा सर्वांत जुना अपुरा सोडलेला विषय तोच असेल, आणि तो पूर्ण करण्याचे काम ऐकणाऱ्याकडे सोपवलेले आहे.

कल्पना ही असत्याची बहीण आहे, अशी धार्मिक मनाला नेहमीच भीती वाटत आली आहे. आम्हांस वाटते की, खोटे बोलणारा दुसऱ्याला फसवण्यासाठी सत्य झाकतो. कथा लिहिणारा, आपल्याला सत्य ठाऊक नाही हे मान्य करून, ते कसे असू शकेल याचा शोध घेतो. पहिला अहंकार आहे, दुसरी नम्रता. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावयाची, तर शेजारी होऊन पाहण्याची शक्ती अगोदर हवी. आणि या शक्तीलाच आपण कल्पना म्हणतो.

परंतु दुसऱ्या दिवशीच्या या यशाने आमची दृष्टी थोडी झाकोळली असावी. तिसऱ्या दिवशी आमच्या हातून जी चूक झाली ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. जिच्याविषयी ती आहे तिची अनुमती घेऊन, आणि तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, आम्ही ती सांगत आहोत. त्या तरुणाच्या बाबतीतही तसेच केले आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोन शब्दांचा खेळ घेतला. चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला ‘सिग्नल’ आणि ‘पाळणा’ आले, कोणाला ‘बिबट्या’ आणि ‘हजेरीपट’. शिरूरकडील अकरावीतील एका मुलीला ‘कोयता’ आणि ‘दप्तर’ असे शब्द आले. शहरातल्या वाचकाला हे शब्द एकमेकांपासून दूरचे वाटतील. भीमा आणि घोड नद्यांच्या काठी ऊस पिकवणाऱ्या मुलखात ते दूरचे नाहीत. दिवाळी झाली की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात, आणि मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. दोन माणसांना एका हत्याराचे नाव! त्या मुलीने लिहिले ते असे: आई आजारी पडते. अर्धा कोयता हिशेबात धरत नाहीत, आणि उचल तर फिटायची आहे. म्हणून आठवीतली मुलगी आईच्या जागी उभी राहून कोयता पुरा करते, आणि तिचे दप्तर कोपीत धाकट्या भावाची उशी होते. दिवस मोजायचे ते तारखांनी नव्हे, ट्रकच्या खेपांनी. गोष्टीत ‘दुःख’ हा शब्द एकदाही नव्हता.

आम्ही भारावून गेलो. तिला विचारून, पण उत्तराची फारशी वाट न पाहता, ते पान आम्ही सर्वांपुढे वाचले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. वाचून झाल्यावर आम्ही म्हणालो, “बघा, हे पुस्तकं वाचून लिहिलेलं नाही. हे जगून लिहिलेलं आहे.” मुलीची मान खाली गेली. मागच्या बाकावरून कोणी तरी हळूच विचारले, “खरंच का गं?” दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

शिबिर संपल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. तिचे आईवडील वर्षांपूर्वी तोडणीसाठी या भागात आले आणि पुढे येथेच राहिले. ही गोष्ट तिने वर्गातील मैत्रिणींना कधी सांगितली नव्हती. आईने चहा केला. मुलगी दारातच उभी राहून म्हणाली, “फादर, ती मुलगी मी नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून तर लिहिता आलं. तुम्ही ती मीच आहे, असं सगळ्यांना सांगितलंत.”

तीस वर्षे आम्ही पापनिवेदन ऐकत आलो आहोत. त्या जाळीमागे ऐकलेले बाहेर न्यावयाचे नाही. खुणेनेही नाही, स्तुतीसाठीही नाही. हे आमच्या हाडीमासी खिळले आहे असा आमचा समज होता. पण कथा हीदेखील एक जाळी असते, हे आम्हांस त्या दारात कळले. लिहिणारा ‘ती’ म्हणतो तेव्हा मधे एक पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यामुळेच बोलण्याचे धैर्य येते. विषय देणारा जेव्हा ‘हे खरे घडले का?’ असे विचारतो, किंवा आमच्यासारखा न विचारताच जाहीर करतो, तेव्हा तो पडदा फाडतो. हेतू कौतुकाचा होता, ही सबब येथे उपयोगाची नाही.

कोणी म्हणेल की, पडदा फाडणे हेच तर गोष्टीचे काम आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली. राजा संतापून न्याय करावयास निघाला, तेव्हा नाथानाने तो अपराधी राजाच असल्याचे त्याच्या तोंडावर सांगितले. गोष्टीचा पडदा तेथेही दूर झाला. ही शंका आम्ही पुष्कळ दिवस मनात वागवली. मग एक फरक ध्यानात आला. नाथानाने पडदा दूर केला तो सिंहासनावर बसलेल्याच्या चेहऱ्यावरून. आम्ही तो दूर केला शाळकरी मुलीच्या चेहऱ्यावरून. कथेने बलवानाला उघडे पाडावे आणि दुबळ्याला झाकावे. आमच्या हातून नेमके उलटे झाले होते.

मग असे अभ्यास घ्यावेत की नाही? आम्ही घेणे थांबवलेले नाही. पण काही नियम स्वतःपुरते घालून घेतले आहेत. ‘तुमच्या जीवनातील सर्वांत दुःखद प्रसंग लिहा’ असा विषय आम्ही देत नाही. विषय लहान व वस्तूंचा देतो. कोणाच्या दुःखाला हुकूम सोडण्याचा अधिकार आम्हांस नाही. ते यावयाचे असेल तर वस्तूच्या आडोशाने आपणहून येईल. लिहिलेले वाचावे की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवावयाचे, आणि नकाराचे कारण विचारावयाचे नाही. गोष्ट खरी की काल्पनिक, हा प्रश्न आमच्या शिबिरात निषिद्ध आहे. आणि विषय दिला की त्यावर आम्हीही मुलांबरोबर लिहितो. कारण जो स्वतः पाण्यात उतरत नाही त्याने काठावरून पोहणे शिकवू नये.

स्थळ उभे करण्याच्या अभ्यासासाठी आम्ही एकदा मुलांना टाकळी हाजीजवळ कुकडी नदीच्या पात्रात नेले. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे पारनेर तालुक्यातील निघोज. काळ्या कातळात पाण्याने कोरलेले रांजणखळगे तेथे आहेत. भोवऱ्यात सापडलेला गोटा एकाच जागी गरगर फिरत राहतो आणि युगायुगांनी दगडात रांजणाएवढी पोकळी तयार होते. मुलांना सांगितले, ‘सुंदर’ हा शब्द न वापरता हे लिहा. पहिल्या पाच मिनिटांत कोणाला काही सुचेना. नंतर एकाने पाण्याचा आवाज लिहिला, एकीने तळाशी अडकलेला गोटा लिहिला, एकाने चपला हातात घेऊन तापलेल्या दगडावर चालणारी आपली आजी लिहिली. रोजचा शब्द काढून घेतला, तेव्हा त्यांनी प्रथमच पाहिले.

आज तर विषय सांगताच काही क्षणांत गोष्ट लिहून देणारी यंत्रे मुलांच्या खिशात आहेत. ‘कोयता’ आणि ‘दप्तर’ हे शब्द त्यांना दिले तर तीही चांगली गोष्ट लिहितील. मग हा खटाटोप कशासाठी, असे एका पालकाने आम्हांस विचारले. अभ्यासाचे फळ म्हणजे कागदावरची गोष्ट, असे मानले तर हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. पण व्यायामशाळेतील वजने उचलून कोठे न्यावयाची नसतात. दुसऱ्याने बैठका काढून आपले पाय बळकट होत नाहीत. त्या तरुणाच्या भावाची गोष्ट यंत्राने अधिक रेखीव लिहिली असती. मात्र आई आजारी असताना आपण मुंबईला होतो, हे त्याला आठवले नसते.

शेवटी एक कसोटी उरते, आणि ती पुन्हा इग्नेशियसचीच आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथे पायाला गोळा लागून ते लोयोलाच्या वाड्यात अंथरुणास खिळले. वाचावयास त्यांना शूर सरदारांच्या अद्‌भुत कथा हव्या होत्या. घरात मिळाली ती ख्रिस्ताच्या व संतांच्या चरित्रांची पुस्तके. पडल्या पडल्या ते दोन्ही प्रकारची दिवास्वप्ने रंगवीत. दोन्ही रंगवताना तितकाच आनंद होई. पण पहिली ओसरली की मन कोरडे पडे. दुसरी ओसरल्यावर समाधान मागे राही. कल्पनेचा निवाडा ती चालू असताना होत नाही, ती संपल्यावर मागे काय उरते यावरून होतो, हे त्यांनी त्या अंथरुणावर ओळखले. लेखनाभ्यासाचीही हीच परीक्षा घ्यावी. टाळ्या ओसरल्यावर लिहिणाऱ्याच्या मनात काय उरले: कोरडेपणा, लाज, की थोडी मोकळी झालेली जागा?

त्या मुलीच्या घरून परतल्यावर काही दिवसांनी गुरुजींची भेट झाली. झाले ते आम्ही त्यांना सांगितले, मुलीचे नाव-गाव वगळून. म्हणालो, “गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. विषय म्हणजे वासरू नव्हे. वासरू मुलांच्या आतच बांधलेलं असतं, आणि ते त्यांचंच असतं. विषय देणारा फक्त दावं सोडतो. माझं चुकलं ते दावं सोडल्यानंतर.”

गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फादर, आमच्याकडे धार काढताना एक सड वासरासाठी सोडतात. सगळं दूध आपलं नसतं.”

ती मुलगी आजही लिहिते, असे आमच्या कानावर आहे. ती आम्हांस दाखवत नाही, आणि आम्ही मागत नाही.